व्हेनिसला जाताय? एक रात्र बेटावर काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की उन्हाळी युरोप सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकात दिसू लागतात. पंधरा दिवसांत सात-आठ देश, आणि त्यात कुठेतरी एक ओळ असते : 'व्हेनिस – अर्धा दिवस'. सोलापुरातून जाणारी बहुतेक माणसे हा खर्च आयुष्यात एकदाच करतात. कुणी निवृत्तीच्या पैशातून, कुणी मुलांनी हौसेने दिलेल्या पैशातून. त्या एका ओळीचा अर्थ पैसे भरण्याआधी त्यांच्या लक्षात यावा, यासाठी हे पत्र.

अर्ध्या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. सहलीची बस व्हेनिसमध्ये जाऊच शकत नाही. मुख्य भूमीपासून या बेटांपर्यंत १८४६ साली रेल्वेचा पूल झाला आणि त्याला लागून १९३३ साली मोटारींचा. हा मोटारींचा रस्ता पियाझ्झाले रोमा आणि त्रोंकेत्तो या दोन ठिकाणी संपतो. तिथून पुढे पायी, नाहीतर बोटीने. साडेनऊला बस त्रोंकेत्तोला लागली, तर चाळीस-पंचेचाळीस माणसे उतरून, मोजून, बोटीत बसून सान मार्को चौकाजवळच्या धक्क्यावर पोचेपर्यंत साडेदहा वाजतात. मग काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक आणि त्याला जोडलेले दुकान, मग गोंडोलाची रांग, स्वच्छतागृहाची रांग, जेवण. चारला परतीची बोट. हातात उरतो तास-दीड तास, आणि तोही दिवसभरातल्या सर्वांत वाईट वेळेतला, कारण साऱ्या युरोपातल्या बसगाड्यांचा हिशेब असाच बसवलेला असतो. मग परत आलेली माणसे सांगतात, 'गर्दी फार, महाग फार, पाण्याला वास येतो.' त्यांचे चुकत नाही. त्यांना दाखवलेले व्हेनिस तेवढेच होते.

या बेटांवर कायमची राहणारी माणसे आता पन्नास हजारांच्याही खाली आली आहेत. आपल्या सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच साडेनऊ लाख होती. म्हणजे सायंकाळी सहानंतर बसगाड्यांची माणसे निघून गेली की मागे एक लहानसे गाव उरते. सकाळी सहा ते नऊ तेच. पूल मोकळे, चौक मोकळे, आणि भाजी, दूध, कचरा, पत्रे, रुग्ण सगळे बोटीतून जाताना दिसते. व्हेनिस पाहायचे ते या दोन वेळांना. त्यासाठी रात्र बेटावरच काढावी लागते.

इथेच पहिली गफलत होते. माहितीपत्रकात 'व्हेनिस परिसरातील हॉटेल' असे लिहिलेले असते. ते हॉटेल मेस्त्रे किंवा मारघेरा या मुख्य भूमीवरच्या भागांत असते, कधी त्याहूनही लांब मोलियानो किंवा पादोव्हाकडे. पत्त्यातला पिनकोड बघावा, सगळे उघड होते. ३०१२१ ते ३०१२५ किंवा ३०१३५ असेल, तर हॉटेल खरोखर जुन्या शहरात आहे. ३०१७१ ते ३०१७५ म्हणजे मेस्त्रे-मारघेरा. मेस्त्रे वाईट नाही. खोली स्वस्त मिळते आणि मेस्त्रे स्टेशनवरून सांता लुचिया स्टेशनला, म्हणजे प्रत्यक्ष बेटावर, रेल्वेने दहा-बारा मिनिटांत जाता येते. गाड्याही सतत असतात. कागदी तिकीट घेतले तर फलाटावरच्या यंत्रात छाप मारून मगच गाडीत चढावे, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसतो. पण मेस्त्रेत उतरायचे असेल, तर ते समजून-उमजून असावे.

या पिनकोडाचा आणखी एक उपयोग आहे. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिस नगरपालिकेने एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर प्रवेश शुल्क बसवले आहे. हे रोज नसते, गर्दीच्या ठरावीक तारखांना असते. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ साली ५४. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. २०२५ चा दर असा होता : किमान चार दिवस आधी नोंदणी केली तर ५ युरो, त्यानंतर १०. चौदा वर्षांखालील मुलांना माफी. जो व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीतल्या हॉटेलात मुक्काम करतो त्याला हे शुल्क नाही, आणि मेस्त्रे-मारघेरा त्या हद्दीत येतात. मोलियानो किंवा पादोव्हा येत नाहीत. तिथे उतरलेल्यांना पैसे भरावेच लागतात. माफी असलेल्यांनीही आधी संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड जवळ ठेवायचा असतो. माफी आहे म्हणून काहीच केले नाही आणि तपासणीत सापडले, तर ५० ते ३०० युरोंपर्यंत दंड आहे. तारखा दरवर्षी नव्याने जाहीर होतात आणि त्या एप्रिल ते जुलै या काळात असतात. आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीची गाठ त्यांच्याशी पडतेच.

आता सामान. या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेक सगळे पायऱ्यांचे, कारण खालून बोट जायला कमान उंच हवी. तेवीस किलोची बॅग घेऊन एक पूल चढणे जमते. तिसऱ्या पुलावर माणूस बसतो. हॉटेल निवडताना तारे किती हे नंतर पाहावे. आधी विचारावे, की बोटीच्या सर्वांत जवळच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत वाटेत किती पूल लागतात. शून्य किंवा एक असे उत्तर आले तरच घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन तिथे उतरावे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही चौकशी खोलीच्या भाड्यापेक्षा महत्त्वाची आहे. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या सामानघरात ठेवून एका रात्रीपुरती पाठीवरची पिशवी न्यावी, हा सर्वांत सोपा मार्ग.

पत्ता शोधणे हे वेगळेच प्रकरण आहे. शहराचे सहा भाग आहेत : सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्यो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरांना क्रमांक गल्लीनुसार नसतात. ते भागानुसार एका ओळीत पुढे पुढे जातात. त्यामुळे 'कास्तेल्लो ४३००' असा पत्ता असतो आणि शेजारच्या दाराचा क्रमांक भलताच निघतो. फोनमधला नकाशा अरुंद गल्लीत भरकटतो. हॉटेलकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : जवळचा बोटीचा थांबा, जवळचा चौक आणि गल्लीचे नाव. चौकाला तिथे 'कांपो' म्हणतात, 'पियाझ्झा' म्हणायचा मान एकट्या सान मार्कोला. गल्ली ती 'काल्ले', छोटा कालवा तो 'रिओ', आणि बुजवून रस्ता केलेला कालवा तो 'रिओ तेरा'. एवढे शब्द कळले की भिंतीवरच्या पाट्या वाचता येतात. त्याशिवाय कोपऱ्याकोपऱ्यावर रिआल्तोचा पूल, सान मार्को आणि स्टेशन यांच्या दिशा दाखवणाऱ्या पिवळ्या पाट्या आहेत. हरवले तरी त्या घरी आणून सोडतात.

शहरातली बस म्हणजे वापोरेत्तो, ही प्रवासी बोट. एका फेरीचे तिकीट साडेनऊ युरो आणि ते ७५ मिनिटे चालते. चोवीस तासांचे २५ युरो. म्हणजे दिवसात तीनदा बोटीत बसायचे असेल, तर चोवीस तासांचे घ्यावे. हे चोवीस तास तिकीट पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून मोजले जातात, मध्यरात्रीपासून नव्हे. आज दुपारी तीनला सुरू केलेले तिकीट उद्या दुपारी तीनपर्यंत चालते. एक रात्र राहणाऱ्याला ते अगदी बेतल्यासारखे बसते. धक्क्यावरच्या यंत्राला तिकीट लावायला मात्र विसरू नये.

१ नंबरची बोट मोठ्या कालव्यातून प्रत्येक थांबा घेत जाते. पियाझ्झाले रोमाहून सान मार्कोला तिला पाऊण तास लागतो. याच मार्गावरून खासगी फेरीचे भरपूर पैसे घेतले जातात. सायंकाळी, सूर्य कलल्यावर, ही बोट पहिल्या थांब्यावरूनच धरावी म्हणजे बाहेरची जागा मिळते. मोठा कालवा सुमारे पावणेचार किलोमीटरचा आहे आणि त्यावर पूल फक्त चार. त्यातला रिआल्तो १५९१ साली पुरा झालेला. स्टेशनकडून निघाले की डाव्या हाताला का दोरो ही पंधराव्या शतकातली हवेली येते. तिच्या दर्शनी भागाला एकेकाळी सोन्याचा मुलामा होता. शेवटी उजव्या हाताला सालूतेचे घुमटाचे चर्च. १६३० च्या प्लेगमधून शहर वाचावे म्हणून बोललेला हा नवस. दोन्ही काठांच्या वाड्यांचे मुख्य दरवाजे पाण्यात उघडतात हे नीट पाहावे. गल्लीतून दिसते ती त्या वाड्यांची पाठ.

एवढे दगडी वजन चिखलावर कसे उभे आहे, असे मुले विचारतातच. मऊ गाळात लाकडी खुंट शेजारी शेजारी ठोकले, त्यांवर फळ्या, त्यांवर इस्त्रिया या एड्रियाटिककाठच्या प्रदेशातला दगड, आणि मग भिंत. गाळात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते आपल्या उघड्यावरच्या वाशासारखे कुजत नाही. दगड अशासाठी, की खारे पाणी विटेत चढते आणि वीट भुसभुशीत होते. पाण्याची पातळी वाढत गेली तशी ओल दगडाच्या वर विटांपर्यंत पोचली. खालचा गिलावा पोपडे धरून पडलेला दिसतो तो त्यामुळे.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. ऑक्टोबर ते जानेवारी हा तिथल्या भरतीच्या पुराचा काळ. अमावास्या-पौर्णिमेची भरती, हवेचा कमी दाब आणि आग्नेयेकडून येणारा सिरोक्को वारा हे तिन्ही एकत्र आले, की एड्रियाटिक समुद्राचे पाणी उत्तरेच्या टोकाला साचते आणि खाजणात शिरते. ४ नोव्हेंबर १९६६ ला ते १९४ सेंटिमीटर चढले होते, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७. आता खाजण समुद्राला मिळते त्या तीन तोंडांशी ७८ पोलादी दरवाजे बसवले आहेत. एरवी ते पाणी भरून तळाशी निजलेले असतात. आत हवा भरली की उभे राहतात. ३ ऑक्टोबर २०२० ला पुराच्या वेळी ते पहिल्यांदा उचलले. पण साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज असेल तरच ते उचलतात, आणि सान मार्को चौक इतका खोलगट आहे की ८०-९० सेंटिमीटरलाच तिथे पाणी येऊ लागते. म्हणून दरवाजे होऊनही चौक ओला झालेला दिसतो. घाबरायचे कारण नाही. पाणी काही तासांत ओसरते आणि तोवर फळ्यांचे उंच मार्ग मांडलेले असतात. एक जोड जास्तीचा, लवकर वाळणारा चपलांचा न्यावा. चामड्याचे बूट नेऊ नयेत.

सोलापूरकराने आवर्जून पाहावी अशी एक वस्तू आहे, आणि ती कोणत्याही सहलीच्या कार्यक्रमात नसते. बहुतेक कांपोंच्या मध्यभागी कोरीव दगडाचे, कमरेइतके उंच, वरून लोखंडी झाकणाने बंद केलेले एक कठडे दिसते. लोक त्यावर पिशव्या टेकवून फोटो काढतात. ती विहीर आहे. तिच्यात झरा नाही. चहूबाजूंनी पाणी आणि पिण्याचा थेंब नाही, अशी या शहराची शेकडो वर्षांची स्थिती होती. म्हणून चौक खणून त्या खड्ड्याला चिकणमातीचे अस्तर द्यायचे, की खारे पाणी आत येऊ नये. त्यात वाळू भरायची. मधोमध विटांची नळी उभी करायची. वरची फरसबंदी अशा उताराची, की पावसाचे पाणी चौकातल्या दोन किंवा चार भोके पाडलेल्या दगडांकडे जाईल. तिथून ते वाळूत उतरून, गाळून, मधल्या नळीत जमा होई. आजही त्या कठड्यापासून काही पावले मागे सरकून खाली बघितले, तर ते भोकांचे दगड सापडतात. कठड्याच्या आतल्या कडेवर बोट फिरवावे. दोरांनी घासून पाडलेल्या खाचा लागतात. आपल्याकडच्या जुन्या आडांच्या काठावर असतात तशाच.

चौकातल्या विहिरी कुलूपबंद असत आणि दिवसातून दोनदा घंटा वाजवून उघडल्या जात. पाऊस कमी झाला की ब्रेंता नदीकडून बोटींनी पाणी आणून या विहिरींत ओतत. १८८४ साली नळाचे पाणी आले आणि मग विहिरी झाकल्या गेल्या. उजनीच्या जलवाहिनीकडे डोळे लावून चार-पाच दिवसांआड पाणी भरणाऱ्या माणसाला ही व्यवस्था कुणी समजावून सांगावी लागत नाही. दोजेंच्या, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या राज्यप्रमुखांच्या, राजवाड्याच्या अंगणात अशाच दोन विहिरींना कांस्याचे कठडे आहेत. राजवाड्याचे तिकीट काढलेच आहे, तर चित्रांच्या दालनांकडे धावण्याआधी तिथे पाच मिनिटे थांबावे. आणि हो, पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत. शहरभर सार्वजनिक नळ वाहत असतात आणि ते पाणी पिण्याचेच आहे.

पाणी उपसण्याचा आणखी एक धडा तिथे आहे. विसाव्या शतकात मारघेराच्या कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी इतके उपसले की शहर खचू लागले. सत्तरच्या दशकात उपसा बंद केला तेव्हा ते खचणे मंदावले, पण खचलेले फारसे वर आले नाही.

गोंडोलाबद्दल थोडक्यात. दर सरकारी आहे : दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर पस्तीस मिनिटांना ११०. हा दर नावेचा आहे, माणशी नाही. पाच जण बसतात. म्हणजे दिवसा माणशी १८ युरो. सहलीत 'ऐच्छिक' म्हणून याहून बरेच जास्त मागितले, तर विचारावे. गाणाऱ्याचे पैसे वेगळे. सान मार्कोच्या धक्क्यावर बसू नये. तिथे नाव लाटांत नुसती डोलते. आतल्या एखाद्या छोट्या पुलाजवळ बसावे. ज्यांना नुसते नावेत पाय ठेवल्याचे समाधान हवे आहे, त्यांच्यासाठी रिआल्तो बाजारासमोर मोठा कालवा ओलांडणारी त्राघेत्तो आहे. गोंडोल्यासारखीच नाव, दोन नावाडी, दोन मिनिटे, दोन युरो.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी असेल, तर फोंदामेंते नोवे धक्क्यावरून १२ नंबरची बोट मुरानोवरून बुरानोला जाते. चोवीस तासांच्या तिकिटात ती धरलेली आहे. मुरानोत १२९१ पासून काचेच्या भट्ट्या आहेत. शहरात आग लागू नये म्हणून त्या तिकडे हलवल्या. बुरानो हे रंगीत घरांचे आणि सुईने विणलेल्या लेसचे बेट. इथे सोलापूरसारख्या विणकरांच्या गावाने डोळे उघडे ठेवावेत. हाताने केलेल्या लेसचा तळहाताएवढा तुकडा व्हायला कित्येक दिवस लागतात. तो दहा-पंधरा युरोला मिळूच शकत नाही. दुकानांत ढिगाने असतात ती यंत्राची, बाहेरून आलेली. बाहेरच्या शहरांत सोलापुरी म्हणून खपवल्या जाणाऱ्या चादरी आपण एका हाताने ओळखतो. तोच हात इथे वापरावा : उलटी बाजू पाहावी, टाके सगळे एकसारखे आणि मागे सुटे धागे असतील तर ते यंत्राचे काम. लेसच्या संग्रहालयात खरे काम पाहून मग दुकानात शिरणे उत्तम.

खाण्याचे हाल होत नाहीत, पण शाकाहाऱ्यांनी नावावर जाऊ नये. 'बिगोली इन साल्सा' ऐकायला नुसती शेवया-चटणी वाटते, त्यात खारवलेले मासे असतात. रिसोत्तोचा भात मासे किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. मार्गेरिता पिझ्झा आणि टोमॅटोचा पास्ता सुरक्षित. परमेसान चीज करताना वासराच्या पोटातले विरजण वापरतात, जैन मंडळींनी ते टाळावे. बसून खाल्ले तर माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, बिलात चढतो. तो लबाडीचा नाही, दरपत्रकात छापलेला असतो. कॉफी उभ्याने, काउंटरजवळ प्यावी. सान मार्को चौकातल्या वाद्यवृंदाच्या हॉटेलात बसले, तर संगीताचे पैसे वेगळे लागतात. घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्यावी. दुधाचे पदार्थ, म्हणजे तूप, खवा, पनीर, युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे सामानात नेता येत नाहीत. ओला कढीपत्ताही नको. डबा उघडायचा तो हॉटेलच्या खोलीत. सान मार्को चौकात किंवा पुलाच्या पायऱ्यांवर बसून खाण्याला मनाई आणि दंड आहे. कबुतरांना दाणे घालणे २००८ पासून बंद आहे. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी-पंजाबी ड्रेसवाल्यांना अडचण नाही, अडचण येते ती हाफ पँटवाल्या पुरुषांना.

व्हिसाबाबत एकच बाब, कारण ती रात्रींशी जोडलेली आहे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्याच असतील, तर ज्या देशात पहिले पाऊल पडते त्याच्याकडे. व्हेनिसची एक रात्र वाढवली आणि स्वित्झर्लंडची कमी केली, तर अर्जाचा देश बदलू शकतो. म्हणून हा बदल आधी ठरवावा आणि मग तारीख घ्यावी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांचे शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात. मुंबईची फेरी दोनदा करावी लागू नये.

शेवटी सहली नेणाऱ्यांना विनंती. १ ऑगस्ट २०२४ पासून व्हेनिसमध्ये मार्गदर्शकासोबतचा गट पंचवीस जणांहून मोठा चालत नाही आणि ध्वनिवर्धकाला बंदी आहे. पंचेचाळीस जणांच्या बसला दोन मार्गदर्शक लागतात. त्याचा खर्च आधीच किमतीत धरावा, तिथे पोचल्यावर प्रवाशांकडून मागू नये. माहितीपत्रकात हॉटेलचा पूर्ण पत्ता पिनकोडसह छापावा. बेटावरचा एक मुक्काम, निदान जादा पैसे घेऊन, निवडता येईल अशी सोय ठेवावी. सोलापूरच्या प्रवाशांनीही पहिला हप्ता भरण्याआधी हा पत्ता लेखी मागून घ्यावा.

कळावे,
आपले,
परदेश सहलींची आखणी करणारे काही सोलापूरकर